पिवळ्या तोंडाची गाडी

१

निकाल तुम्ही आधी लावलात आणि गाडी नंतर बघितलीत. खरं सांगायचं तर बघितलीच नाहीत. वरच्या कार्यालयातल्या गार खोलीत बसून तुम्ही ठरवून टाकलंत, की चालकानं रेडिएटरमध्ये पाणी भरलं नाही, म्हणून इंजिन तापलं, म्हणून रुग्णवाहिका भर घाटात बंद पडली, म्हणून म्हातारा घड्याळजी मोठ्या इस्पितळात पोचायच्या आत गेला. म्हणून, म्हणून, म्हणून. चोर सोडून संन्याशाला फाशी देणाऱ्याला निदान संन्याशाचं तोंड तरी बघावं लागत असेल. तुम्ही तेवढीही तसदी घेतली नाहीत.

चालकाचं नाव कागदावर काहीही असो, अख्खं गाव त्याला मामा म्हणायचं. आता मामावर हलगर्जीपणानं माणूस मारल्याचा खटला उभा राहणार होता. मधे फक्त एक बाई उभी होती: विमा कंपनीची तपासनीस. तिनंही आपल्या अहवालात 'पाणी नव्हतं' असं लिहिलं की मामा आत.

बाई जाड चष्म्याच्या, संथ चालीच्या. कुठलंही इंजिन तपासण्याआधी त्यावर तळहात ठेवायची त्यांना सवय होती. सासू म्हणायची, "माणसांना अशी माया लावली असतीस, तर घरात चार पाहुणे तरी आले असते."

बाई घाट उतरत होत्या तेव्हा फुलपाखरांचे दिवस होते. दरवर्षी या दिवसांत पिवळी फुलपाखरं डोंगराच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला जातात. उडत जातात असं म्हणायचं, पण बघताना वाटतं वाहत जातात. पाऊस नसताना काचेवर टपटप आवाज येत होता. टॅक्सीवाल्यानं वायपर फिरवला आणि काचेवर सोन्याच्या भुकटीची कमान उमटली. बाईंना वाटलं, आपला डोळा लागलाय आणि हे सगळं पापण्यांच्या आतल्या बाजूला चाललंय.

इस्पितळाच्या मागच्या अंगणात रुग्णवाहिका ताडपत्रीखाली उभी होती. शेजारी इस्पितळाच्या गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री उभा होता, हात पुसत. हात स्वच्छ होते, तरी पुसत.

"बघायचं काय त्यात, बाई? मढं आहे ते."

"मढ्यालाच विचारावं लागतं. जिवंत माणसं फार बोलतात."

बॉनेट उघडलं. मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि बोट आत घालून दाखवलं. "कोरडा ठाक. वरून लिहून आलंय तस्संच."

बाईंनी इंजिनावर तळहात ठेवला. मग मान वाकडी करून त्या बॉनेटची आतली बाजू बघू लागल्या. तिथे वाळलेल्या हिरव्या थेंबांचा सडा होता. रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात त्या कूलंटचा रंग. झाकणापासून सुरू होऊन तो सडा पंख्यासारखा पसरला होता.

"पाणी नव्हतंच, तर हे उडालं काय?"

मिस्त्रीनं मान वर करून थेंब बघितले.

"रिकामा सापडला म्हणजे रिकामा निघाला असं नाही हो. भरलेला निघाला आणि उकळून उकळून बाहेर गेला. मामानं पाणी घातलं होतं."

मिस्त्री आणि मामा यांची जुनी दोस्ती. ही बातमी ऐकून त्याचा चेहरा खुलायला हवा होता. उलट तो राखेसारखा झाला.

"मग आता माझा नंबर लागला म्हणायचा," तो हळूच म्हणाला.

२

घड्याळजींच्या दुकानात शेकडो घड्याळं चालत होती आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. दुरुस्तीला आलेली घड्याळं अशीच असतात. त्या टिकटिकीत बसलं की दिवस पुढे सरकतोय की मागे, ते कळेनासं होतं. गल्ल्यामागे घड्याळजींची लेक बसली होती. डोळ्याला भिंग लावून ती एका चाकाचा दात बघत होती. भिंग तिनं बोलतानाही काढलं नाही.

"त्यानं माझ्या बापाला भाजलं," ती म्हणाली. "हे लिहा."

"भाजलं म्हणजे?"

"चढाला लागलो आणि त्यानं आत गरम हवा सोडली. बाहेर रखरखीत ऊन. बाबांच्या नाकावर ऑक्सिजन. सिस्टर त्यांचा हात धरून बसलेल्या. आणि हा महात्मा हीटर लावतो. मी म्हटलं, मामा, वेड लागलं का? तर म्हणतो, पोरी, थोडं सोस."

"हवा गरमच होती? कोमट नव्हती?"

"चटका बसत होता. कोमट कसली."

"बंद पडेपर्यंत गरम?"

लेकीनं भिंग काढलं. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. "नाही. बंद पडायच्या जरा आधी एकदम गार झाली. मला वाटलं, आली अक्कल. आणि मग समोरून वाफ. नुसती वाफ. ढगात शिरल्यासारखं."

बाईंनी मान हलवली. बाहेर कोणाची तरी सायकल गेली आणि तिच्या मागे चार-दोन फुलपाखरं गेली, वाट विचारत असल्यासारखी.

"पुढे?"

"मागून ट्रक आला. त्यात बाबांना चढवलं. मामानं त्यांना मांडीवर घेतलं, सिस्टर होत्या, मी होते. माथ्यावर पोचायच्या आत..." तिनं भिंग परत डोळ्याला लावलं. भिंगामागे डोळा मोठा आणि ओला दिसला. "एक विचारू? रुग्णवाहिकेचं तोंड पिवळं का रंगवतात?"

"ती पांढरी आहे. सगळी."

"मी बघितली ना. ट्रकमधून मागे वळून बघितलं. तोंड पिवळं होतं. आणि हलत होतं." ती थांबली. "म्हणजे, सगळंच हलत होतं म्हणा. रडताना हलतंच."

बाई उठल्या, पण पायरीवर थबकल्या. पांढरी गाडी पिवळी कशी दिसेल, आणि गाडीचं तोंड हलेल कसं?

३

मामाच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. मामा खुर्चीवर, हातात रिकामा कप. पन्नाशी उलटलेला, खांदे रुंद, गाडी गेल्यामुळे हातांना काय करावं ते सुचत नसलेला. कपड्यांच्या आडून एक छोटी मुलगी पळत आली आणि फ्रॉक वर करून पोट दाखवत म्हणाली, "माझ्या पोटावर आगगाडीचे रूळ आहेत." खरंच होते. टाक्यांची सरळ, सुबक रेघ.

"नात," मामा म्हणाला. "पाहुण्यांना तिकीट न घेता रूळ दाखवते. जा ग आत."

"हीटर का लावलात ते मी सांगू?" बाईंनी विचारलं.

"सांगा की. मलाही कळेल."

"इंजिनाच्या पोटातून पाणी फिरतं. तिथली आग उचलतं आणि पुढे रेडिएटरमध्ये येतं. तिथे त्याच्या बारीक नळ्या, नळ्यांना पातळ पत्र्याच्या पट्ट्या. वारा पट्ट्यांमधून आरपार जातो, उष्णता घेऊन जातो, आणि पाणी गार होऊन परत इंजिनात. पुढचा रेडिएटर जमेनासा झाला, तर गाडीत दुसरा एक छोटा असतो. हीटर. तोही तेच पाणी वापरतो, फक्त उष्णता माणसांच्या अंगावर सोडतो. काटा चढत होता म्हणून तुम्ही इंजिनाची आग आत घेतलीत, निदान माथ्यापर्यंत पोचावं म्हणून."

मामा कपाच्या तळाशी बघत हसला. "तुम्ही घाटात गाडी चालवलीय, बाई."

"आणि हवा चटका देण्याइतकी गरम होती, म्हणजे पाणी होतं आणि फिरत होतं. पाणी नसतं तर हीटरनं गार फुंकर मारली असती. तशी ती शेवटी मारलीच, पाणी उकळून गेल्यावर. तुमची सुटका तुमच्या हीटरमध्येच आहे. आता एवढंच सांगा, काटा चढला का?"

मामानं रिकामा कप एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"मामा, तुम्हाला माहीत आहे."

"गाडी जुनी. मी जुना. जुन्याला ताप येतो."

"तुरुंगात जाल."

"तिथे घाट नसतील ना? मग बरं आहे."

"कोणाला वाचवताय?"

आतून नातीचं गाणं ऐकू येत होतं, स्वतःच रचलेलं, आगगाडीचं. मामानं कप जमिनीवर ठेवला, अगदी अलगद, तो फुटणार असल्यासारखा. "चहा घेऊन जा, बाई," तो म्हणाला. "आणि या प्रश्नाशिवाय दुसरं काहीही विचारा."

४

दुसऱ्या सकाळी बाई मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गेल्या. त्यांच्या हातात रुग्णवाहिकेतून काढलेला थर्मोस्टॅट होता. दिसायला एवढासा. इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधला हा दारवान. पाणी पुरेसं तापलं की दार उघडतो आणि त्याला रेडिएटरकडे जाऊ देतो. दारच उघडलं नाही तर पाणी इंजिनातच कोंडून उकळतं.

"गेल्या महिन्यात मीच बदलला," मिस्त्री म्हणाला. "नवा मिळेना. दुसऱ्या गाडीतून काढून बसवला. रोज झोपताना तोच दिसतो डोळ्यांपुढे. बायको म्हणते, कोणाचं नाव घेतोस झोपेत? काय सांगू तिला, थर्मोस्टॅटचं?"

"पातेलं आहे?"

चहाचं पातेलं आलं. पाणी भरलं, स्टोव्ह पेटवला, थर्मोस्टॅट दोरीनं आत सोडला. दोघं पातेल्यावर वाकली. तळाशी बुडबुडे जमले, मग सुटले. वाफ चष्म्यावर आली आणि बाईंना सगळं दुधाळ दिसू लागलं. बराच वेळ काही झालं नाही. मिस्त्रीनं डोळे मिटून घेतले. जगात एवढा मोठा माणूस एवढ्या छोट्या पातेल्यापुढे असा उभा बाईंनी पाहिला नव्हता.

"बघा," बाई म्हणाल्या.

पितळेची चकती हलली. मग हळूहळू, पहाटेच्या फुलासारखी, ती उघडत गेली. पूर्ण.

मिस्त्री जमिनीवरच बसला. जरा वेळानं म्हणाला, "आता चहा याच पाण्याचा करू का?"

"नका करू."

पंख्याचा पट्टा शाबूत होता, तो बाईंनी पाहिला होता. रेडिएटरच्या नळ्याही मोकळ्या होत्या: वरून पाणी ओतलं की खालून धो धो पडत होतं. पाणी होतं, फिरत होतं, दार उघडत होतं, पंखा फिरत होता. आणि तरीही उष्णता बाहेर जात नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण रेडिएटरमध्ये नक्कीच नाही.

बाहेर एक टॅक्सी उभी होती. मिस्त्री हलक्या अंगानं उठला आणि मऊ ब्रश घेऊन तिच्या पुढ्यात बसला. ब्रश फिरला तशी रेडिएटरच्या पट्ट्यांमधून पिवळी भुकटी उडाली. पंखांचे तुकडे तरंगत तरंगत खाली आले.

"हे काय?"

"दिवस आहेत ना त्यांचे. घाटातून आलेली एक गाडी दाखवा जिच्या रेडिएटरला पंख नाहीत. माझी फरशी बघा."

बाईंनी बघितली. सगळी फरशी पिवळी होती. मग पदर खोचून त्या इस्पितळाच्या दिशेनं निघाल्या. त्यांना एवढ्या भराभर चालताना सासूनं पाहिलं असतं तर दृष्ट काढली असती.

ताडपत्री ओढली. काचेवर पिवळे डाग होते. दोन्ही दिव्यांवर पिवळे डाग होते. म्हणजे गाडी फुलपाखरांमधूनच गेली होती.

पुढच्या ग्रिलमधून त्यांनी बॅटरीचा उजेड आत टाकला. रेडिएटर लख्ख होता. एकही पंख नव्हता.

५

पाण्याबद्दल सगळे बोलत होते. वाऱ्याचा विचार कोणाच्याच मनात आला नव्हता. रेडिएटरसमोर काहीतरी होतं. त्यानं फुलपाखरं अडवली आणि त्यांच्याबरोबर वाराही अडवला. ते काय होतं आणि कुठे गेलं?

बाईंनी ग्रिलवरून बोटं फिरवली, आंधळ्यानं चेहरा चाचपावा तशी. कोपऱ्यातल्या दांडीवर काहीतरी खुपलं. काळ्या दोऱ्याची एवढीशी गाठ. टोकं कापलेली. दुसऱ्या कोपऱ्यातही तशीच. गाठी इतक्या नेटक्या होत्या की त्या सोडवायला बाईंना नखं पुरली नाहीत.

त्यातली एक तळहातावर घेऊन त्या ड्रेसिंगच्या खोलीत गेल्या. सिस्टर, त्या दिवशी गाडीत असलेल्या, ट्रेमध्ये कात्र्या मांडत होत्या. बाईंनी न बोलता तळहात पुढे केला.

"कुठे मिळाली?" सिस्टरांनी विचारलं.

"कोणीही आधी 'हे काय आहे' असं विचारेल. तुम्ही विचारलंत, कुठे मिळाली."

सिस्टरांच्या हातातली कात्री ट्रेच्या कडेवर वाजली. तिच्या शेजारीच काळ्या दोऱ्याचं रीळ होतं. जखमा शिवायचा दोरा. तसाच.

"इथे टाके कोण घालतं?" बाईंनी विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं. इस्पितळ छोटं, सर्जन एकच: इस्पितळाचे प्रमुख. सगळे त्यांना साहेब म्हणायचे.

"बाई, मला नोकरी करायची आहे."

"मामालाही करायची होती."

सिस्टरांनी कात्र्या पुन्हा मांडल्या, आधीपेक्षा वाकड्या. मग मागे न वळता म्हणाल्या, "दुपारी एकच पेशंट मच्छरदाणी लावून झोपते. एक आजी. जाऊन बघा. आणि मी काही बोललेले नाही."

वॉर्डात दुपारची गुंगी होती. खिडक्यांवर हिरवे पडदे, त्यातून आलेलं हिरवं ऊन, आणि पाण्याखाली असावं तसं सगळं. शेवटच्या खाटेवर मच्छरदाणीच्या आत आजी पडल्या होत्या, डोळे उघडे.

"बसा हो," आजी म्हणाल्या. "पण फार हलवू नका. हिच्यात झोपलं की मला उडाल्यासारखं होतं. उठल्यावर उशीवर सोनं सांडलेलं असतं. सुनेला सांगितलं तर म्हणते, नवीन गोळीचा गुण. तिला काय कळतंय?"

बाईंनी मच्छरदाणीचे कोपरे बघितले. चारही कापलेले, बँडेजच्या पट्ट्यांनी जोडून खांबांना बांधलेले. खालची दुमड उलगडली तशी बोटांना पिवळं लागलं. शिवणीच्या आत एक अख्खा पंख होता, धुण्यातूनही वाचलेला.

कोणी ती जाळली नव्हती, पुरली नव्हती. धुऊन परत टांगली होती. सरकारी माल, वॉर्डाच्या मोजणीत भरायला हवा. माणूस कमी पडला तर चालतो.

"सून नाही म्हणते," आजी पुटपुटल्या, "पण सोनं होतं ना?"

"होतं, आजी," बाई म्हणाल्या आणि साहेबांच्या खोलीकडे वळल्या.

६

साहेब हात धूत होते. नळाखाली, कोपरापर्यंत, सावकाश. उंच, किंचित वाकलेले, आवाज इतका मऊ की ऐकायला जवळ जावं लागे. बाईंनी बेसिनच्या कडेवर ती गाठ ठेवली. साहेबांनी ती बघितली आणि नळ बंद केला नाही.

"माझीच आहे," ते म्हणाले. "दुसरं कोणी एवढी घट्ट मारत नाही."

"का बांधलीत?"

"वरच्या कार्यालयातून फोन आला. मोठे पाहुणे फुलपाखरं बघायला येणार होते. सरकारी गाड्यांच्या तोंडावर मेलेली फुलपाखरं दिसता कामा नयेत, काहीतरी बंदोबस्त करा. मी विचार केला, बारीक जाळी लावावी. मच्छरदाणी हाताशी होती. स्वतः बसून शिवली. छान बसली होती. मला..." ते थांबले. "मला अभिमान वाटला होता."

"मामानं काही म्हटलं नाही?"

"म्हणाला, साहेब, वारा कोंडेल. मी म्हटलं, जाळी आहे, भिंत नाही. काढायची नाही."

जाळी खरंच भिंत नव्हती. गावातल्या सपाट रस्त्यावर तिच्यातून वारा जातही होता. पण घाटात फुलपाखरांचा प्रवाह आडवा आला आणि ती येऊन जाळीवर बसत गेली, एकावर एक, पंखावर पंख. जाळीची भिंत झाली.

"घाटात बंद पडलेल्या गाडीपाशी सगळ्यांच्या आधी तुम्ही पोचलात," बाई म्हणाल्या. "गाडी एकटी होती."

"एकटी नव्हती." साहेबांच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं. "सगळं तोंड पिवळं होतं आणि हलत होतं. कितीतरी जिवंत होती. मी रस्त्यावर बसून आधी ती सोडवली. मग जाळी कापली. माणूस तोपर्यंत गेला होता, आणि मी फुलपाखरं सोडवत होतो."

"मग लोक म्हणाले, पाणी नव्हतं."

"मी तसं म्हणालो नाही."

"नाही. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत."

"वाटलं, एखादं निलंबन होईल, मागाहून मिटवून टाकू. खटल्यापर्यंत जाईल असं नव्हतं वाटलं."

"मामानं तुमचं नाव का घेतलं नाही, ठाऊक आहे?"

साहेबांनी ओले हात स्वतःपुढे धरले, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. "त्याच्या नातीला वाचवायला मी तिचं पोट शिवत होतो तेव्हा वीज गेली होती," ते म्हणाले. "ठाऊक आहे."

"मग नळ बंद करा आणि चला."

७

मागच्या अंगणात सगळे जमले. मिस्त्री, सिस्टर, घड्याळजींची लेक. मामाला बोलावणं धाडलं होतं; तो आला आणि सवयीनं चालकाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. बाईंनी मच्छरदाणी ग्रिलवर धरली, कापलेले कोपरे उरलेल्या गाठींना नीट जुळले. सगळं सांगून झाल्यावर शेवटी त्या म्हणाल्या, "रेडिएटर पाणी गार करत नाही. वारा करतो. रेडिएटर फक्त पाण्याला वाऱ्यापर्यंत नेऊन उभं करतो. त्या दिवशी पाणी दारापर्यंत आलं आणि दार बाहेरून लावलेलं होतं."

"साहेबांचं नाव मी घेतलेलं नाही," मामा जमिनीकडे बघत म्हणाला. "तेवढं लिहून घ्या."

"मी घेतोय," साहेब म्हणाले. "लेखी देतोय. सहीनिशी."

"साहेब, कशाला उगाच..."

"मामा, गप्प बसा. एकदा तरी."

घड्याळजींची लेक गाडीपाशी गेली. जाळीवरच्या पिवळ्या भुकटीला तिनं बोट लावलं. मग मामाकडे वळली. "त्या दिवशी गरम हवा..."

"तेवढी एकच वाट उरली होती, पोरी. उतरून जाळी फाडायला हवी होती. चालकाच्या जागेवरून गाडीचं तोंड दिसत नाही. मला वाटलं, थांबलो तर तुझे बाबा हातचे जातील."

"मी तुम्हाला खुनी म्हटलं. दुकानात बसून, येईल त्याला."

"मग आता येईल त्याला नाही म्हण. गिऱ्हाईक काय, तेच येतं."

तिला हसू आलं आणि त्याच वेळी रडू आलं. ती गाडीच्या पायरीवर बसली. मामाही बसला, तिच्यापासून हातभर अंतरावर.

गोष्ट इथे संपायला हवी होती. तुम्ही ती संपू दिली नाहीत.

बाईंचा अहवाल तुमच्याकडे आला. साहेबांचं निवेदन आलं. त्यांनी आपला वाटा मान्य केला, त्याची शिक्षाही भोगायला तयार आहेत. त्यांनी लिहिलं, की फोनवरचा आवाज ओळखीचा होता, पण बोलणाऱ्यानं नाव सांगितलं नाही आणि असले आदेश कधी लेखी येत नाहीत. तुम्ही उत्तर धाडलंत, की या कार्यालयातून असा कोणताही फोन गेलेला नाही. फुलपाखरं आपल्या अखत्यारीत येत नाहीत. आणि मामावरचा खटला मागे घेण्याबाबत 'विचार चालू आहे'. पाहुणे मात्र आले, फुलपाखरं बघून गेले, तुमच्या गाडीतून गेले. त्या गाडीला जाळी नव्हती. मग तुम्हाला कोणी सांगितलं होतं, की तुमच्या गाडीला वारा लागतो आणि रुग्णवाहिकेला लागत नाही?

आज तुमच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर दोन माणसं बसली आहेत. एकाला गाडी परत हवी आहे. दुसरी दुकानाला कुलूप लावून आली आहे आणि तिला नुकसानभरपाई नको, सहानुभूती नको, चहासुद्धा नको. शिपायानं तिला विचारलं, काय काम आहे? ती म्हणाली, एक नाव विचारायचं आहे.

माझा बाप मरण्याआधी, फुलपाखरं मेलेली दिसू नयेत म्हणून त्या इस्पितळाला ज्यानं फोन केला, तो तुमच्यापैकी कोण? दार उघडा आणि सांगा.